मोठी बंदूक आणि तिची गोळी

शेतांत डुकरांचा उपद्रव वाढला कीं गांवांत दोन प्रश्न निघतात. परवानगी कोण देणार, हा पहिला. आणि बंदूक कोणाची आणावयाची, हा दुसरा. या दोहोंवर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी काढीत नाहीं. तो असा कीं, आणलेल्या बंदुकींत गोळी कोणत्या जातीची घालावयाची? या तिसऱ्या प्रश्नाविषयीं चार शब्द लिहावे, या हेतूनें हा लेख आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. रानडुक्कर व रोही (म्हणजे नीलगाय) हीं मध्यम प्रतीचीं जनावरें होत. त्यांजवर मोठ्या मापाची रायफल चालवावयाची असेल, तर रायफलीच्या मापापेक्षां गोळीच्या घडणीकडे अधिक पाहिलें पाहिजे. आणि परवानगीच्या कागदावर गोळीची जात स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. आज ती लिहिली जात नाहीं, आणि त्याचें फळ ज्यांनीं बंदूक कधीं हातींही धरली नाहीं अशा माणसांस भोगावें लागतें.

आम्ही शिकारी नव्हों. मराठी शाळेंत शिकून महसूल खात्यांत कारकुनी केली व यथाकाळ सेवानिवृत्त झालों. परंतु हत्यारांच्या परवान्यांची नोंदवही पुष्कळ वर्षें आमच्या हातीं होती, आणि पीकनुकसानीचे व अपघातांचे पंचनामेहि आमच्याच टेबलावरून जात. त्यामुळें कोणत्या गांवीं कोणतें हत्यार आहे हें एका वहींत, आणि त्या हत्यारानें काय घडलें हें दुसऱ्या कागदांत, असें दोन्हींकडचें आमच्या दृष्टीस पडत असे. परवानेदार मंडळी नूतनीकरणास येत, तेव्हां त्यांजकडून विचारून घेण्याची आम्हांस आवड होती. त्या माहितीच्या व पुढें केलेल्या वाचनाच्या आधारें हें लिहीत आहों.

एक पंचनामा येथें सांगण्याजोगा आहे. रीतसर परवानगी होती. बाहेरगांवाहून एक गृहस्थ मोठी रायफल घेऊन आले. सायंकाळीं उसाच्या फडाच्या कडेस एका मोठ्या नर डुकरास त्यांनीं गोळी घातली. डुक्कर लागलें, पण पडलें नाहीं, उसांत शिरलें. शोधणाऱ्यांस रक्ताचे दोनचार थेंब दिसले, तेवढ्यांत अंधार झाला, व मंडळी परतली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं शेजारच्या फडांत वाढें आणावयास गेलेल्या एका बाईच्या मांडींत त्या डुकरानें सुळा घातला. डुक्कर त्याच दिवशीं पुढें मेलेलें सांपडलें. त्याच्या बरगड्यांच्या मागच्या बाजूस एका कुशींत बोट जाईल एवढें भोंक होतें, आणि दुसऱ्या कुशींतहि तेवढेंच भोंक होतें. गोळी हत्तीसाठीं केलेली होती. ती डुकराच्या अंगांतून, ओल्या मातींतून दाभण जावें तशी निघून गेली होती. गोळी झाडणारे गृहस्थ तोंपर्यंत आपल्या गांवीं पोहोंचले होते. त्या बाईस मात्र पुढें दोन हंगाम कामावर जातां आलें नाहीं.

नेम थोडा मागें गेला होता, हें खरें. वाईट नेमाचा दोष कोणतीहि गोळी पुरता भरून काढीत नाहीं. परंतु मावळत्या उजेडांत, हलत्या जनावरावर, चार बोटांचा फरक होणें हें नेहमींचेंच आहे. म्हणूनच जी गोळी जनावराच्या अंगांत आपलें काम करील, अशीच गोळी निवडली पाहिजे.

आतां कायद्याची स्थिति पाहूं. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणें, मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोका करणारें जनावर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकास, किंवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यास, कारणें नमूद करून देतां येते. सन २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. तीप्रमाणें डुक्कर व रोही हीं दुसऱ्या अनुसूचींत आहेत, आणि त्या अनुसूचीस हें कलम लागू आहे. परवानगीवांचून मारणें हा गुन्हा आहे, व मारलेलें जनावर कलम ३९ प्रमाणें सरकारची मालमत्ता होतें. केरळांत सन २०२२ पासून स्थानिक संस्थांच्या प्रमुखांस मानद वन्यजीव रक्षक नेमून डुकरांपुरता हा अधिकार गांवाच्या जवळ आणण्यांत आला. बिहारांत तर केंद्र सरकारनें डिसेंबर २०१५ मध्यें कांहीं जिल्ह्यांत एक वर्षापुरतें रोही व डुक्कर यांस उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर केलें; जून २०१६ मध्यें मोकामा भागांत हैदराबादेहून आलेल्या शिकाऱ्यांनीं दोनशेंहून अधिक रोही मारले, व त्यावरून केंद्रांतील दोन मंत्र्यांमध्येंच जाहीर मतभेद झाला. परंतु तो मतभेद मारावें कीं न मारावें, एवढ्यावरच झाला. कशानें मारावें, हा विषय मागेंच राहिला.

हत्यारांचा कायदा सन १९५९ चा आहे. त्याच्या कलम १३ मध्यें पीकसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख असून, त्यासाठीं तोंडानें ठासावयाची बंदूक, व ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, असें सांगितलें आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं मूळांत बारा बोअरसारखें हत्यार येईल, अशीच कायद्याची कल्पना दिसते. मोठ्या रायफली येतात त्या निराळ्या वाटेनें : कोणाच्या आजोबांच्या वेळच्या वारशानें आलेल्या, कोणी निवृत्त अधिकाऱ्यानें बाळगलेल्या, तर कोणी सरकारी यादींतील नेमबाजानें बरोबर आणलेल्या. परवान्यावर त्या हत्याराचें वर्णन, नंबर, बोअर व काडतुसांची संख्या असते. गोळीची जात नसते. आमच्या वहींत तरी तिच्यासाठीं रकाना कधींच नव्हता.

येथें एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे. काडतूस म्हणजे गोळी नव्हे. पितळी नळकांड्यांत दारू असते, बुडाशीं टोपी असते, आणि तोंडाशीं जो धातूचा तुकडा बसविलेला असतो, तोच काय तो नळींतून बाहेर जातो. त्यास गोळी म्हणावें. एकाच रायफलीस, एकाच मापाच्या काडतुसांत, अगदीं भिन्न स्वभावाच्या गोळ्या मिळतात. आणि दोन काडतुसें शेजारीं ठेविलीं तर अजाण माणसास तीं सारखींच दिसतात.

मोठ्या रायफलींचा इतिहास आपल्या देशाशीं जोडलेला आहे. सन १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारनें हिंदुस्थानांत ४५० बोअरच्या रायफलींस बंदी केली, कारण तें माप जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकीचें होतें व त्याचीं काडतुसें बंडखोरांच्या हातीं जातील अशी धास्ती होती. मग विलायतेंतील कारखानदारांनीं ४६५, ४७०, ४७५ अशीं नवीं मापें काढलीं. सन १९१२ मध्यें हॉलंड अँड हॉलंड या कारखान्यानें ३७५ चें मॅग्नम काडतूस काढलें, तें आज शंभर वर्षें उलटून गेल्यावरहि जगभर चालू आहे. ३७५ याचा अर्थ इंचाचे हजार भाग केल्यास त्यांपैकीं ३७५ भाग, म्हणजे सुमारें साडेनऊ मिलिमीटर. हीं सर्व मापें हत्ती, गवा, वाघ व आफ्रिकेंतील रेडा डोळ्यांपुढें ठेवून बनविलेलीं आहेत.

आतां जनावरांचीं वजनें पाहा. हत्ती तीनचार हजार किलोंचा, मोठा गवा आठनऊशें किलोंचा. रोह्याचा पुरा वाढलेला नर दोनशें ते अडीचशें किलोंचा. रानडुकराचा मोठा नर शंभर किलोंच्या आसपास. ज्या गोळीस हत्तीचें कवटीचें हाड फोडून मेंदूपर्यंत जावयाचें आहे, तिला न मोडतां न पसरतां सरळ जाणें हाच गुण. ज्या गोळीस वीतभर जाडीच्या डुकराच्या छातींत काम करावयाचें आहे, तिचा तोच गुण दोष होतो. खुरपणीस कोणी नांगर धरीत नाहीं. त्यांत नांगराचा दोष नाहीं, जोडणाराचा आहे.

गोळ्यांच्या मुख्य जाती अशा आहेत. पहिली घट्ट गोळी, जिला शिकारी लोक ‘सॉलिड’ म्हणतात. हिचें शिसें पोलादी किंवा तांब्याच्या मिश्र धातूच्या जाड कवचानें नाकासकट झांकलेलें असतें, किंवा ती सबंध एकाच कठीण धातूची असते. ती पसरत नाहीं. दुसरी मऊ नाकाची गोळी. हिच्या टोंकाशीं शिसें उघडें ठेविलेलें असतें. जनावराच्या अंगांत शिरतांच तें टोंक छत्रीसारखें, भूछत्रासारखें म्हणा, उमलतें व गोळीचा व्यास दीडपट-दुप्पट होतो. तिसरी पोकळ नाकाची. तिच्या टोंकाशीं खळगा असतो व त्यायोगें ती उमलते. पोत्यास दाभणानें भोंक पाडलें तर चार दाणे सांडतात व भोंक बुजतें. तेंच विळ्यानें फाडलें तर पोतें रिकामें होतें. घट्ट गोळी व उमलणारी गोळी यांतील फरक एवढाच आहे. जनावर मरतें तें बंदुकीच्या आवाजानें नव्हे किंवा धक्क्यानेंहि नव्हे. फुफ्फुसें व काळीज यांतून किती लवकर रक्त जातें, यावर तें पडणें अवलंबून असतें.

येथें वाचकांस एक शंका येईल. उमलणारी गोळी क्रूर म्हणून निषिद्ध आहे, असें ऐकिवांत असतें. तें अर्धें खरें आहे. कलकत्त्याजवळ दमदम येथील कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा गोळ्या सैन्यासाठीं निघाल्या, व त्या गांवाचें नांवच त्यांस पडलें. सन १८९९ मध्यें हेग येथील परिषदेंत युद्धामध्यें अशा गोळ्या वापरूं नयेत असा जाहीरनामा झाला. परंतु तो निर्बंध युद्धापुरता आहे. युद्धांत शत्रूस निकामी केलें म्हणजे पुरतें. जखमी शिपायास उचलून नेणारे लोक असतात, दवाखाना असतो. जखमी डुकरास उचलून नेणारें कोणी नाहीं. त्यास एक तर तत्काळ मरण द्यावें, नाहीं तर गोळीच झाडूं नये. म्हणून जी गोळी माणसावर निषिद्ध, तीच जनावरावर अधिक दयेची ठरते. इंग्लंड व वेल्स येथील सन १९९१ च्या हरणांविषयींच्या कायद्यांत तर रायफलीनें हरिण मारावयाचें असल्यास मऊ किंवा पोकळ नाकाचीच गोळी पाहिजे, इतर गोळी वापरणें निषिद्ध, असें परिशिष्टांत घालून दिलें आहे.

तथापि मऊपणासहि मर्यादा आहे. पातळ कवचाची हलकी गोळी अति वेगानें खांद्याच्या हाडावर आदळली, तर ती वरच्यावर फुटून जाते. मोठी जखम दिसते, पण आंत छातीपर्यंत कांहींच जात नाहीं. सन १९४६ मध्यें जॉन नॉस्लर नांवाच्या अमेरिकन गृहस्थास कॅनडांत मूस जातीच्या प्रचंड हरणावर हाच अनुभव आला. त्यांनीं गोळीच्या मध्यें धातूचा आडवा पडदा ठेवून तिचे दोन कप्पे केले : पुढचा उमलावा, मागचा शाबूत राहून आंत जावा. ती गोळी सन १९४८ पासून विक्रीस आली व आजहि मिळते. पुढें शिसें व कवच एकजीव केलेल्या गोळ्या निघाल्या, आणि सबंध तांब्याच्या, नाकाशीं चिरा असलेल्या गोळ्याहि निघाल्या. सर्वांचा उद्देश एकच : उमलावें, पण फुटूं नये.

आतां निवडीकडे येऊं. ३७५ च्या काडतुसांत तीन वजनांच्या गोळ्या बहुधा आढळतात : २३५, २७० व ३०० ग्रेन. एका तोळ्याचे १८० ग्रेन होतात. म्हणजे २७० ग्रेनची गोळी बरोबर दीड तोळ्याची, ३०० ग्रेनची पावणेदोन तोळ्यांस थोडी कमी, व २३५ ग्रेनची सव्वा तोळ्याहून किंचित् जास्त. तीनशें ग्रेनची गोळी नळींतून सेकंदास सुमारें अडीच हजार फूट वेगानें निघते, २७० ची सुमारें सत्तावीसशें फूट.

डुकरासाठीं २७० ग्रेनची साधी मऊ नाकाची गोळी आमच्या मतें पुरेशी आहे. ती नराच्या खांद्यावरील चिवट ढालीसारख्या कातड्यांतून जाते, आणि आंत गेल्यावर उमलते. ३०० ग्रेनचीच असेल तर तीहि चालेल, मात्र ती साधी मऊ नाकाची असावी. रेड्यासाठीं मुद्दाम जाड कवचाची व घट्ट बांधणीची केलेली नसावी. कारण डुकराच्या पातळ छातींत अशा गोळीस उमलण्याइतका विरोधच मिळत नाहीं, व तिचें वर्तन घट्ट गोळीसारखेंच होतें. पुष्कळ मंडळी नेमकी येथेंच फसतात. डबीवर मऊ नाक असें लिहिलेलें असतें, पण ती कोणत्या जनावरासाठीं बांधलेली आहे हें कोणी पाहत नाहीं.

रोह्याची गोष्ट थोडी निराळी. तें जनावर दिसतें त्याहून काटक आहे. मानेचें व खांद्याचें कातडें जाड, त्यामुळें रक्त बाहेर कमी पडतें व माग काढणें कठीण जातें. अमेरिकेच्या टेक्सस प्रांतांत किंग रँच नांवाच्या मोठ्या कुरणांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशांत रोही नेऊन सोडले. त्यांची तेथें हजारोंनीं वाढ झाली आहे, आणि तेथील शिकारी रोह्यासाठीं मोठ्या मापाची रायफल व पक्क्या बांधणीची गोळी सांगतात, तें याच कारणानें. तेव्हां रोह्यासाठीं २७० किंवा ३०० ग्रेनची, कप्प्याची किंवा एकजीव केलेली उमलणारी गोळी योग्य. तांब्याची घेतल्यास वजन थोडें कमी घ्यावें, कारण तांबें शिशाहून हलकें असल्यानें त्याच वजनाची गोळी लांब होते. घट्ट गोळी मात्र दोहोंपैकीं कोणत्याहि जनावरास नको.

आणखी एक सूचना. एका वजनाच्या गोळीवर लावलेला नेम दुसऱ्या वजनाच्या गोळीस लागू पडत नाहीं. शंभर यार्डांवर चार बोटांचा फरक सहज पडतो. नवी गोळी घेतली म्हणजे दिवसाउजेडीं, मातीच्या बांधापुढें कागद लावून, तीन गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय ती शेतावर नेऊं नये. नेम धरावा तो जनावर आडवें उभें असतां, पुढच्या पायाच्या रेषेंत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शांत. रोह्याच्या खांद्याचा उंचवटा पाहून पुष्कळजण वर मारतात व जनावर घालवितात.

घट्ट गोळीचा दुसरा धोका तर याहूनहि मोठा आहे. जनावरांतून आरपार गेलेली गोळी थांबत नाहीं. मोठ्या रायफलीची गोळी मैलापलीकडेहि जीव घेऊं शकते. आपलीं शेतें म्हणजे ओसाड अरण्य नव्हे. बांधापलीकडे दुसऱ्याची विहीर असते, गोठा असतो, रात्रीं पाणी धरणारा गडी असतो. उमललेली गोळी बहुधा जनावरांतच राहते, किंवा बाहेर निघाली तरी तिचा जोर पुष्कळ ओसरलेला असतो. तरीसुद्धां जनावराच्या मागें मातीचा चढ किंवा उंच बांध नसेल, तर गोळी झाडूंच नये. आणि मचाणावरून खालीं मारणें हें सपाटीवरून मारण्यापेक्षां नेहमींच बरें.

कोणी म्हणतील कीं, मोठी रायफल म्हणजे खात्री. मग गोळी कोणतीहि असो. यास आमचें उत्तर जिम कॉर्बेट यांच्या उदाहरणानें देतों. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल सन १९०७ मध्यें त्यांस जी रिग्बी रायफल बक्षीस मिळाली, ती २७५ मापाची, म्हणजे आजच्या हिशेबानें लहानच. पुढें कित्येक नरभक्षक त्यांनीं तिनेंच मारले. हत्यार मोठें असल्यानें खात्री होत नाहीं. योग्य गोळी योग्य जागीं गेल्यानें होते. आपल्याकडे ३१५ मापाची जी देशी शिकारी रायफल मिळते, तिला खडकीच्या दारूगोळा कारखान्याचें (हा कारखाना सन १८६९ चा) मऊ नाकाचें काडतूस मिळत आलें आहे, व डुकरास तें पुरेसें आहे. बारा बोअरचीहि उपेक्षा नको. बारा बोअर याचा अर्थच असा कीं, एका पौंड शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक त्या नळींत बसेल. म्हणजे सव्वातीन तोळ्यांची नुसत्या मऊ शिशाची गोळी. पन्नास यार्डांच्या आंत, मचाणावरून, ती डुकरास भरपूर होते व फार दूर जात नाहीं. मोठी रायफल हाताशीं आहे म्हणून तीच वापरली पाहिजे, असें नाहीं.

दुसरे म्हणतील कीं, विलायती गोळ्या महाग, जुन्या डबींत आहेत त्याच संपविल्या पाहिजेत. पैशाचा प्रश्न आम्हांस समजतो. परंतु आजोबांच्या पेटींतील घट्ट गोळ्या डुकरावर संपविणें ही काटकसर नव्हे. एका जखमी बाईच्या उपचाराचा खर्च किती होतो, हें ज्यानें पाहिलें आहे तो असा हिशेब मांडणार नाहीं. शिवाय जुन्या काडतुसांची दारू व टोपी यांचाहि भरंवसा नसतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बंदूक हा उपायच नव्हे, असें कांहीं सज्जन म्हणतात. कुंपण, राखण, पिकांची फेरपालट, नुकसानभरपाई हे उपाय आधीं, हें आम्हांसहि मान्य आहे. पण जेथें ते थकतात तेथें शेतकरी काय करतो, तेंहि पाहावें. तारेंत वीज सोडतो, आणि तिनें डुकराऐवजीं शेजारीच मरतो. पिठाच्या गोळ्यांत स्फोटक घालतो, आणि तें गाय खाते. हे दोन्हीं प्रकार बेकायदेशीर असून बंदुकीहून शतपट वाईट आहेत. रीतसर परवानगीनें, जाणत्या माणसानें, योग्य गोळीनें मारलेलें डुक्कर हाच त्यांतला कमी हिंसेचा मार्ग होय. परंतु यांतील ‘योग्य गोळीनें’ हे दोन शब्द गाळले, तर तोहि मार्ग त्यांच्याच पंगतीस जाऊन बसतो.

शिशाविषयीं एक शब्द. उमलणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसांत पसरतात, व तें मांस खाणाऱ्या पक्ष्यांस विषबाधा होते. कॅलिफोर्नियांत गिधाडांच्या जातीचा काँडर पक्षी याच कारणानें धोक्यांत आला, म्हणून सन २०१३ मध्यें तेथें कायदा झाला व १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. आपल्याकडील गिधाडें दुसऱ्या कारणांनीं आधींच थोडीं उरलीं आहेत. तेव्हां मारलेलें जनावर वन खात्याच्या देखरेखीखालीं खोल पुरावें, उघड्यावर टाकूं नये.

एके काळीं आपल्या कायद्यासहि साधनाचा विचार ठाऊक होता. सन १९७२ च्या मूळ कायद्यांत शिकारीचे परवाने होते, आणि कलम १७ मध्यें मोठ्या शिकारीच्या वर्गांतील जनावर विशेष परवानगीखेरीज रायफलीवांचून मारूं नये, वाहनावरून मारूं नये, सूर्यास्तानंतर मारूं नये, अशीं बंधनें घातलेलीं होतीं. सन १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचे परवाने बंद झाले, तें योग्यच झालें. पण त्यांबरोबर साधनांविषयींचीं तीं बंधनेंहि पुस्तकांतून गेलीं. आतां पीकरक्षणासाठीं मारण्याची परवानगी मिळते, परंतु कशानें व कसें मारावें, हें सांगणारा मजकूर उरला नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. परवानगीच्या नमुन्यांत चार रकाने वाढवावे : हत्याराचें माप; गोळीची जात व वजन; मागें मातीचा आडोसा असल्याची खात्री; आणि जखमी जनावराचा शोध पुरा होईपर्यंत झाडणारानें गांव सोडूं नये, अशी लेखी हमी. घट्ट गोळीस परवानगी देऊं नये, हें छापूनच टाकावें. यास नवा कायदा लागत नाहीं. परवानगी लेखीच असते, तींत अट घालणें अधिकाऱ्याच्या हातीं आहे. आपल्या संघानेंहि तालुक्यांतील परवानेदारांची सभा घेऊन, कोणाकडे कोणतें हत्यार व कोणत्या जातीच्या गोळ्या आहेत, हें विचारून घ्यावें, आणि ज्याच्या पेटींत केवळ हत्तीच्या गोळ्या आहेत त्यास डुकरासाठीं बोलावूं नये.

आमच्या नोकरींत आम्हीं एक शिकलों कीं, कागदावर जो रकाना नसतो त्याची चौकशी कोणी करीत नाहीं. गोळीचा रकाना कागदावर आला, म्हणजे देणारा विचारील, झाडणारा डबी उघडून पाहील, आणि फडांत वाढें आणावयास जाणारी बाई संध्याकाळीं आपल्या पायांनीं घरीं येईल. संघाच्या येत्या सभेंत हा विषय कोणी तरी मांडावा, एवढी आमची वाचकांस विनंती आहे.